वाचकांचे प्रश्न : प्लेटिंगच्या कारखान्यातील रसायने आणि सांडपाणी

लघुउद्योजकांच्या या सदरात या वेळी झिंक प्लेटिंग (विजेच्या साहाय्याने लोखंडी भागांवर जस्ताचा थर चढवणे) करणाऱ्या वाचकांची पत्रे एकत्र घेतली आहेत. चौघांच्या अडचणी वेगवेगळ्या असल्या तरी त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत माझा झिंक प्लेटिंगचा लहान कारखाना आहे. एक जिग लाइन (भाग चौकटीला टांगून बुडवण्याची) आणि एक बॅरल (लहान भाग भरून फिरवण्याचे भोकांचे पिंप) आहे. काम वाढल्यामुळे सांडपाणी वाढले असून, सल्लागारांनी ईटीपीची (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेची) क्षमता दुप्पट करण्यास सुचवले आहे. तो खर्च मला झेपणारा नाही. रसायनांचे बिलही कामाच्या मानाने जास्त येते. ईटीपीला हात घालण्यापूर्वी काही करता येईल का?

उत्तर : ईटीपी वाढवण्याचा विचार आपण तूर्त बाजूला ठेवावा, असे मला वाटते. ईटीपी जस्त नाहीसे करत नाही. चुना किंवा कॉस्टिक सोडा घालून ती ते पाण्यातून काढून गाळात उतरवते आणि त्या गाळाच्या विल्हेवाटीचे बिल पुढे वेगळे येते. म्हणजे एकाच जस्ताचे पैसे आपण तीनदा भरता : बाथसाठी (प्लेटिंगच्या द्रावणासाठी) घेताना, ईटीपीत खाली बसवताना आणि गाळ उचलून नेताना. आपण लिहिलेल्या दोन्ही तक्रारी, वाढलेले सांडपाणी आणि वाढलेले बिल, या मुळात एकच तक्रार आहेत.

बाथमधले द्रावण टाकीबाहेर जाते ते मुख्यतः जॉबच्या (प्लेटिंगला आलेल्या भागाच्या) अंगाला चिकटून. ते किती जाते, हे आधी मोजावे. बाथनंतरच्या पहिल्या धुण्याच्या टाकीत स्वच्छ पाणी भरावे, नळ बंद ठेवून एक पाळी नेहमीसारखे काम करावे आणि शेवटी त्या पाण्यातले जस्त तपासून घ्यावे. बाथ तपासण्यासाठी जे टायट्रेशन (थेंबाथेंबाने रसायन घालून प्रमाण मोजण्याची चाचणी) करता तेच येथेही चालते. समजा, टाकी २०० लिटरची आहे आणि पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम जस्त सापडले, तर १०० ग्रॅम जस्त टाकीबाहेर गेले. आपला बाथ अल्कलाइन असून त्यात लिटरला १० ग्रॅम जस्त असेल, तर एका पाळीत १० लिटर बाथ, त्यातल्या कॉस्टिक आणि ब्राइटनरसकट (चमक आणणाऱ्या रसायनासकट), ईटीपीकडे गेला. हा आकडा हाती आल्याशिवाय कोणतीही यंत्रसामग्री घेऊ नये.

पहिला उपाय निथळीचा आहे आणि त्याला जवळजवळ काही खर्च येत नाही. जिग बाथमधून वर आल्यावर दहा-पंधरा सेकंद तिथेच थांबली, तर चिकटलेल्या द्रावणाचा मोठा भाग परत बाथमध्ये पडतो. मात्र ‘जिग निथळू द्या’ अशी पाटी लावून हे होत नाही. भरलेली जिग हातात उचलून धरणारा माणूस पंधरा सेकंद थांबत नाही, आणि त्याची मजुरी नगावर असेल तर मुळीच नाही. बाथच्या वर एक आडवा पाइप बसवून पहिली जिग त्यावर टांगण्याची सोय केली, की दुसरी जिग भरली जाईपर्यंत पहिली आपोआप निथळते. वाटीसारखे खोलगट जॉब तोंड खाली करून किंवा तिरपे लावावेत, नाहीतर प्रत्येक जॉब चमचाभर द्रावण घेऊन बाहेर पडतो. बॅरल बाथच्या वरच दोन-तीन वेळा फिरवून घ्यावी आणि तिची बुजलेली भोके मोकळी करावीत. बॅरलबरोबर बाहेर जाणारे द्रावण जिगपेक्षा पुष्कळच अधिक असते. बाथ आणि धुण्याची टाकी यांच्यामधल्या फटीवर बाथकडे उतार असलेला प्लॅस्टिकचा पत्रा लावावा, म्हणजे जमिनीवर सांडणारे थेंब वाचतात. अर्थात निथळ अतिही नको, कारण थर जॉबवर वाळला तर पॅसिव्हेशनला (जस्तावर नंतर चढवायच्या गंजरोधक रासायनिक थराला) डाग पडतात.

दुसरा उपाय पाण्याचा. बहुतेक लहान कारखान्यांत धुण्याची एकच टाकी असते आणि तिचा नळ दिवसभर चालू असतो. जॉबबरोबर तासाला एक लिटर द्रावण येते आणि ते हजारपट पातळ व्हायला हवे, असे धरू. एका टाकीत त्यासाठी तासाला सुमारे १,००० लिटर पाणी लागते. दोन टाक्या लागोपाठ ठेवल्या, ताजे पाणी फक्त शेवटच्या टाकीत सोडले आणि तिचे पाणी उलट दिशेने पहिलीत वाहू दिले, तर हिशेबाने सुमारे ३२ लिटर पुरते. तीन टाक्यांना १० लिटर. प्रत्यक्षात पाणी नीट ढवळले जात नसल्याने इतकी बचत पदरी पडत नाही, पण निम्मी पडली तरी आपल्या ईटीपीचा प्रश्न मिटतो. जागा नसेल तर आहे त्याच टाकीत मधे आडभिंत घालून दोन कप्पे करता येतात.

धुण्याचे पहिले दाट पाणी बाथमध्ये परत घालावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. निकेलचा बाथ गरम असतो, त्यातले पाणी वाफेने उडते, त्यामुळे तिथे तो लगेच लागू पडतो. झिंकचा बाथ साधारण खोलीच्याच तापमानाला चालत असल्याने त्यात भर घालायला जागा होत नाही. आपल्यासाठी सोय अशी, की बाथशेजारी वाहते पाणी नसलेली एक टाकी ठेवावी आणि जॉब बाथमध्ये जाण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर, दोन्ही वेळा तिच्यात बुडवावा. बाहेर येताना सोडलेल्या द्रावणाचा काही भाग आत जाताना परत नेला जातो. एक मात्र ध्यानात ठेवावे : रसायन परत येते तशी घाणही परत येते. गाळणी नियमित बदलावी, बाथमधले लोखंड तपासत राहावे आणि पॅसिव्हेशननंतरचे पाणी कोणत्याही परिस्थितीत मागे फिरवू नये.

प्रश्न : आमच्याकडे पिवळे पॅसिव्हेशन चालते. त्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचे घातक रूप) असते, हे मला माहीत आहे. ट्रायव्हॅलंटवर (त्याच्या कमी घातक रूपावर) जायचे आहे, पण ग्राहक पिवळा रंग पाहूनच माल घेतात. काय करावे? — शिरोली, कोल्हापूर

उत्तर : आपण बदल करावा. हेक्साव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि नदीनाल्यात सोडण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम इतकी कडक आहे. ही मर्यादा गाठण्यासाठी आपल्याला ते पाणी वेगळे ठेवून, ॲसिड घालून पीएच दोन-तीनवर आणून, मेटाबायसल्फाइटने क्रोमियमचे रूप बदलून ट्रायव्हॅलंट करून, मग पुन्हा पीएच वाढवून ते खाली बसवावे लागते. ट्रायव्हॅलंटमध्ये यातील मधली पायरीच उरत नाही.

रंगाचा आग्रह हा गुणवत्तेचा आग्रह नव्हे, हे ग्राहकाला पटवणे अवघड असले तरी अशक्य नाही. युरोपने १ जुलै २००७ पासून नव्या मोटारींच्या भागांत हेक्साव्हॅलंट क्रोमियमला बंदी घातली. त्यामुळे ज्यांचा माल फिरत फिरत निर्यातीला जातो, ते ग्राहक स्वतःहून तयार होतात. सुरुवात त्यांच्यापासून करावी. दोन्ही प्रकारचे नमुने एकाच सॉल्ट स्प्रे (मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात गंज तपासण्याच्या) चाचणीला लावून अहवाल समोर ठेवावा. पिवळे क्रोमेट, म्हणजे आपले आत्ताचे पॅसिव्हेशन, साधारण ६०-७० अंशांच्या वर तापले की त्याचे गंजरोधन घटते, तर ट्रायव्हॅलंटचा थर उष्णता अधिक सोसतो. इंजिनाजवळच्या भागांसाठी हा मुद्दा वजनदार आहे. तरीही पिवळाच हवा असेल, तर ट्रायव्हॅलंटवर पिवळा रंग देणारी रसायनेही मिळतात. हे द्रावण मात्र जुन्यासारखे अंदाजपंचे चालवता येत नाही. पीएच रोज पाहावा लागतो आणि तळाशी पडलेले जॉब त्याच दिवशी काढावे लागतात, कारण लोखंड विरघळले की द्रावण लवकर निकामी होते.

प्रश्न : वडिलांच्या कारखान्यात प्रेस शॉपमधून (पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या कारखान्यातून) येणारे तेलकट भाग ट्रायक्लोरोएथिलीनने धुतात. वास सहन होत नाही. पर्याय आहे का? — नाशिक

उत्तर : आहे, आणि त्याला उशीर करू नये. या द्रावकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी साचते. रिकामी दिसणाऱ्या टाकीत वाकून किंवा उतरून साफसफाई करणे जिवावर बेतू शकते. गरम पाण्यातला अल्कलाइन क्लीनर लोखंडी भागांना पुरेसा ठरतो. वर तरंगणारे तेल रोज काढले, तर तोच क्लीनर पुष्कळ दिवस टिकतो. ॲल्युमिनियमला मात्र तीव्र अल्कली खाते, त्यासाठी सौम्य प्रकार घ्यावा. याखेरीज वडिलांना प्रेस शॉपवाल्यांशी बोलायला सांगावे : भाग जाळीच्या क्रेटमध्ये रात्रभर निथळत ठेवून पाठवले, किंवा शक्य तिथे पाण्यात मिसळणारे वंगण वापरले, तर धुण्याचे निम्मे काम आपल्या दारात येण्यापूर्वीच संपते, आणि वाचलेले तेल त्यांचेच असते.

प्रश्न : ईटीपीचा वाळलेला गाळ भंगारवाला मोफत न्यायला तयार आहे. द्यावा का? — वाळूज, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : देऊ नये. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे आणि भंगारवाल्याने तो कोठेही टाकला तरी जबाबदारी आपलीच राहते. तो छताखाली, गळणार नाही अशा पिंपांत, सर्वसाधारणपणे ९० दिवसांपर्यंत ठेवता येतो. त्यापूर्वी मॅनिफेस्टसह (कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्रासह) अधिकृत केंद्राकडे पाठवावा आणि वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे भरावे. जस्ताचा आणि क्रोमियमचा गाळ पहिल्यापासून वेगळा ठेवल्यास जस्ताच्या गाळासाठी अधिकृत पुनर्प्रक्रियादार मिळण्याची शक्यता असते. एकत्र झालेला गाळ पैसे मोजूनच द्यावा लागतो.