दोन कोच, एक खांदा

ताई, लेकीला सॉफ्टबॉलच्या पिचिंगचे, म्हणजे बॅटरला चेंडू टाकण्याचे, खासगी धडे लावलेत, बरं केलंत. इकडे अमेरिकेत ट्रॅव्हल टीमच्या, म्हणजे गावोगावी टूर्नामेंट खेळणाऱ्या संघांच्या, बऱ्याच पिचर तसंच शिकतात. पण पहिल्याच आठवड्यात टीमच्या कोचना सांगून टाका. आम्ही बोललो नाही आणि पोरीचा अख्खा सीझन गोंधळात गेला.

खासगी धडे देणारे इन्स्ट्रक्टर शिकवायचे, चेंडू सोडताना हात कमरेला घासून जाऊ दे, मनगट आपोआप फिरेल. टीमचे कोच मैदानातून ओरडायचे, 'हॅलो एल्बो!' म्हणजे चेंडू सुटल्यावर कोपर वर, थेट खांद्यापर्यंत. पोर बारा वर्षांची. चाळीस फुटांवर उभी राहून आधी कोचकडे बघायची, मग आमच्याकडे. चेंडू कधी मागच्या जाळीवर, कधी बॅटरच्या पायाशी.

शेवटी इन्स्ट्रक्टरांकडून मिनिटभराचा व्हिडिओ करून घेतला: सध्या कशावर काम चाललंय, सीझनमध्ये काय बदलायचं नाही. कोचना पाठवला, तर म्हणाले, "एवढंच होतं, मग आधी का नाही बोललात?"

कोण कधी पिच करणार, ते मात्र कोचच ठरवणार. त्यात इन्स्ट्रक्टरांना ओढू नका.

आणि चेंडू मोजा, अगदी वहीत लिहून. धड्यातले साठ, सरावातले चाळीस, वर शनिवार-रविवारची टूर्नामेंट. कोच आणि इन्स्ट्रक्टर, दोघांनाही आपापलेच चेंडू दिसतात. अंडरआर्मने खांदा दुखत नाही म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. आमची वही फ्रिजवर टांगलेली असते, दोघांनाही फोटो जातो. सोमवारी धडा नकोच. ठेवलाच तर नुसता चेंज-अपच्या, म्हणजे मुद्दाम संथ टाकायच्या चेंडूच्या, पकडीचा.