ओपन फिल्टर बसवला, तरी गाडी सुस्त का?

प्रश्न: माझी पोलो जीटी टीएसआय १.२ आहे, ओपन कोन फिल्टर (डब्याशिवायचा उघडा एअर फिल्टर) बसवलाय, आवाज मस्त येतो पण दुपारी ट्रॅफिकमधे गाडी ओढतच नाही. रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) करू का? – एक वाचक, पुणे

उत्तर: अहो, तो फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतोय ना, गरम हवा विरळ, त्यात ऑक्सिजन कमी, वर नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) होऊ नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, मग ताकद कुठून येणार! आधी फिल्टरला हीट शील्ड (इंजिनची उष्णता अडवणारा आडोसा) लावा, नाहीतर सरळ कंपनीचा फिल्टरचा बंद बॉक्स परत बसवा, मला तर तोच आवडतो. रिमॅप नंतर, नवे स्पार्क प्लग टाकून, ईसीयूच्या नोंदी (लॉग) बघूनच. कंपनीचा टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) १७५ न्यूटन मीटर, ड्राय क्लच डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची मर्यादा २५०, ट्यूनरला त्याच्या आतच थांबायला सांगा.