शेपटीकडे बघ

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा पोह्यांची बशी तशीच ठेवलीस तेव्हाच कळलं, काहीतरी बिनसलंय. मग दारात चपला घालता घालता म्हणालास, "काका, गुरंढोरंच पृथ्वीचं वाटोळं करतायत, तर त्यांना जगवायचं शिक्षण मी कशाला घेऊ?" आणि उत्तराला न थांबता जिना उतरलासही. माझा गुडघा आता जिन्याला तयार होत नाही, म्हणून लिहितोय.

तुझे होस्टेलचे मित्र खोटं बोलत नाहीत. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबतो, तिथले जंतू मिथेन तयार करतात आणि तो बहुतेक सगळा ढेकरांतून बाहेर पडतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट तापवतो. २०१९ च्या पशुगणनेत आपल्याकडे १९ कोटींवर गायी-बैल आणि जवळजवळ ११ कोटी म्हशी होत्या. गुणाकार तुझा तू कर.

पण गुणाकार केला म्हणून महूचं पशुवैद्यक कॉलेज सोडायचं? जनावराच्या तोंडाकडे सगळेच बघतात. काय खातं, दूध किती देतं. तू शेपटीकडे बघ. त्यातून काय बाहेर पडतं, ते कुठे जातं आणि शेवटी मढं कुठे जातं. (ढेकर तोंडातून येतो, ठाऊक आहे. शहाणपणा करू नकोस. बाहेर पडतं ते सगळं माझ्या लेखी शेपटीकडचंच.)

मी बघितलं नाही. १९९८ साली देपालपूरकडच्या एका गावात दगडी झालेली गाय होती. कास लाकडासारखी टणक, अंगात ताप. मी डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलं. संध्याकाळी ती उठून उभी राहिली, मालकाने माझे पाय धरले. दुसऱ्या दिवशी गेली. ओढून माळावर टाकली आणि तासाभरात गिधाडांनी माळ काळा केला. तीन दिवसांनी त्याच रस्त्याने जाताना बाभळीवर एक गिधाड दिसलं. मान अशी खाली लोंबत होती, जणू कुणी ओला टॉवेल वाळत घातलाय. मला वाटलं, पोट भरून पेंगतंय. मी फटफटीवरून उतरलोसुद्धा नाही.

कारण २००४ साली कळलं. औषध मढ्यात राहतं आणि ते खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. शंभरात एकाहून कमी मढ्यांत ते असलं, तरी गिधाडं संपायला पुरेसं होतं, कारण हा पक्षी वर्षाला एकच अंडं घालतो. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं हजारात एखादं उरलं. मढी मात्र तशीच पडत राहिली आणि कुत्री वाढली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली.

आता तू म्हणशील, २००४ ते २००६ काका काय करत होते? टोचत होतो. शेतकरी दारात उभा, गाय आडवी, गिधाडांना न मारणारं मेलोक्सिकॅम आमच्या कपाटात नव्हतं. तू माझ्या जागी असतास तर तूही टोचलं असतंस. एक वरिष्ठ म्हणायचे, आपण गायीचे डॉक्टर, गिधाडांचे नाही. मी मान डोलवली होती. बंदीनंतरही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात फिरत राहिल्या. शेवटी २०१५ मध्ये ती कुपी ३ मिलिलिटरवर आणावी लागली. गिधाडांना तशीच घातक केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक ही औषधं तर जनावरांसाठी २०२३ ला बंद झाली. तेच दुखणं, सतरा वर्षांनी. म्हणून पुन्हा सांगतो, शेपटीकडे बघ.

तुझ्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. दोन लिटर देणारी आजारी गाय ढेकर काही दहापटीने कमी देत नाही. लिटरमागे मिथेन तिचाच जास्त. वर्षानुवर्षं न गाभणारी गाय तर दूध शून्य देते आणि ढेकर पूर्ण. ती वेळेवर गाभण राहिली, तिची कास शाबूत राहिली, वासरू जगलं, तर तेवढ्याच दुधाला कमी जनावरं लागतात. हे काम कोण करणार, तुझे होस्टेलवाले? आजोबांच्या तीन म्हशी विकून पृथ्वी वाचत नाही. त्या दुसऱ्याच्या गोठ्यात ढेकर देतील.

शहराचंही तेच. २०१७ ला इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, त्याच्या आधी गावातले गुरांचे बाडे हटवले. बरं झालं, मीही पेढा खाल्ला. पण बाडा बाहेर गेला तशी शेपटीही बाहेर गेली. नाल्यात गेलेलं शेण कान्ह नदीतून शिप्रेलाच मिळतं. आणि देवगुराडियाच्या गॅस प्लांटचं नाव गोबरधन, पोटात मात्र जातो आपल्या स्वयंपाकघरातला ओला कचरा! नावावर जाऊ नकोस.

धाकटीच्या कासवाबद्दल. ती ते सिरपूर तलावात सोडणार म्हणालास, तेव्हा मी काही बोललो नाही, चहा उतू चालला होता. सोडू देऊ नकोस. ते लाल कानाचं अमेरिकेतलं कासव आहे. दुकानात रुपयाच्या नाण्याएवढं असतं, पुढे थाळीएवढं होतं आणि वीस-पंचवीस वर्षं सहज जगतं. सिरपूर २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे, तिथल्या कासवांच्या वाट्याचं खाणं आणि ऊन खायची जागा हे बळकावेल. तुम्हाला दया वाटते ती तोंडाकडची.

रविवारी रामबागेत घेऊन ये. टोपलीत नको, बादलीत आण. माझ्या गच्चीवरचा जुना हौद रिकामाच आहे. आणि येताना पोहे खाऊन येऊ नकोस.

तुझा,
काका