वाचकांचे प्रश्न : एफपीजीए, आरजीबी एलईडी आणि मंद उजेड

प्रश्न : आर्टी ए७ या एफपीजीए (आतले सर्किट आपणच ठरवायची चिप) बोर्डावरच्या आरजीबी एलईडीचा लाल रंग ० पासून २५५ पर्यंत सावकाश वाढवत नेला. काउंटर आठ बिटांचा आहे, सिम्युलेशन बरोबर येते. तरी सुरुवातीलाच उजेड एकदम उसळी घेतो आणि दीडशेच्या पुढे फारसा फरकच दिसत नाही. असे का?

उत्तर : पीडब्ल्यूएममध्ये एलईडी झपाट्याने चालू-बंद होतो आणि प्रत्येक आवर्तनातला चालू असण्याचा वाटा म्हणजे ड्यूटी. ड्यूटी १ वरून २ केली की प्रकाश दुप्पट होतो, २०० वरून २०१ केली की जेमतेम अर्धा टक्का वाढतो. डोळा वाढीचे प्रमाण पाहतो, त्यामुळे खालच्या पायऱ्या त्याला उंच वाटतात आणि वरच्या जाणवतच नाहीत. यावर उपाय म्हणजे गॅमा तक्ता. आलेल्या संख्येला २५५ ने भागा, भागाकाराचा २.२ वा घात घ्या आणि कमाल ड्यूटीने गुणा.

इथे बहुतेक जण तक्ता आठ बिटांचाच ठेवतात आणि फसतात. १ ते १४ या सगळ्या संख्या पूर्णांकात आणताना ० होतात, म्हणजे मंद उजेड गायबच होतो. तक्त्यातून बाहेर पडणारी संख्या १२ बिटांची (० ते ४०९५) ठेवा. मग १६ ला ९, ३२ ला ४३, ६४ ला १९६, १२८ ला ८९९, १९२ ला २१९३ आणि २५५ ला ४०९५ मिळतात. शून्यावर जातात त्या फक्त १ ते ४. २५६ ओळींचा हा रॉम (फक्त वाचायचा तक्ता) ३०७२ बिटांचा होतो, चिपमधल्या एका ब्लॉक रॅममध्ये (तयार स्मृतीत) सहज मावतो.

बोर्डावरचे एलईडी सलग चालू ठेवले तर डोळ्यांना खुपतात. ड्यूटी ५० टक्क्यांच्या वर नेऊ नका, असे उत्पादकाचेच सांगणे आहे. म्हणून या एलईडींसाठी तक्ता बनवतानाच ४०९५ ऐवजी २०४७ ने गुणा.

आता वेग. बोर्डाचा क्लॉक १०० मेगाहर्ट्झ आहे. तो थेट १२ बिटांच्या काउंटरला दिला तर पीडब्ल्यूएम सुमारे २४.४ किलोहर्ट्झवर चालतो आणि एक पायरी १० नॅनोसेकंदांची होते. पण पिन आणि एलईडी यांच्यामध्ये ट्रान्झिस्टर असतो. साधा बायपोलर ट्रान्झिस्टर पूर्ण चालू झाल्यावर बंद व्हायला शे-दोनशे नॅनोसेकंद घेऊ शकतो. तेवढ्या वेळात तळाच्या दहा-वीस पायऱ्या एकमेकींत मिसळून जातात आणि तक्त्याची सगळी मेहनत वाया जाते. काउंटर दर १६ व्या ठोक्याला पुढे सरकवा : पायरी १६० नॅनोसेकंदांची होते, वारंवारता सुमारे १५२६ हर्ट्झ. डोळ्याला लुकलुक दिसण्याचा प्रश्नच उरत नाही. हे करताना क्लॉक लॉजिकने भागून नवा क्लॉक तयार करू नका. क्लॉक एकच ठेवा आणि दर १६ ठोक्यांनी एक ठोका टिकणारा एनेबल (काउंटरला पुढे सरकू देणारा संकेत) वापरा, म्हणजे टायमिंगचा ताप होत नाही.

प्रश्न : ड्यूटी शून्य दिली तरी अंधारात एलईडी मिणमिणतो.

उत्तर : तुलना ‘काउंटर ड्यूटीपेक्षा लहान किंवा समान’ अशी लिहिलेली असणार. शून्यालाही त्यात एक पायरी मिळते. नुसते ‘लहान’ करा. पण मग काउंटर ४०९५ पर्यंत मोजत असेल तर कमाल ड्यूटीलाही एक पायरी बंदच राहते. काउंटर ० ते ४०९४ मोजून परत शून्यावर आणा. शून्य म्हणजे पूर्ण बंद आणि ४०९५ म्हणजे पूर्ण चालू, दोन्ही टोके नेमकी जुळतात. या तुलनेचे (कंपॅरेटरचे) उत्तर थेट पिनवर न देता एका फ्लिप-फ्लॉपमधून (क्लॉकच्या ठोक्यावर एक बिट धरून ठेवणाऱ्या घटकातून) बाहेर काढा.

प्रश्न : संगणकावरच्या स्लायडरने यूएआरटीवरून (एकेक बिट पाठवणाऱ्या सिरियल जोडणीवरून) लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट पाठवतो. रंग बदलताना मध्येच भलताच रंग चमकून जातो आणि कधी कधी लालच्या जागी हिरवाच बदलतो.

उत्तर : या दोन वेगळ्या चुका आहेत. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक बाइट यायला एक मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, तर पीडब्ल्यूएमचे एक आवर्तन ६५५ मायक्रोसेकंदांचे आहे. लाल बाइट बदलला आणि निळा अजून यायचा आहे, अशा स्थितीत तीनेक आवर्तने निघून जातात. तोच तुमचा भलता रंग. आलेले तिन्ही बाइट आधी बाजूच्या रजिस्टरांत साठवा. तिसरा बाइट आल्यावर, काउंटर शून्यावर येईल त्याच ठोक्याला, तिन्ही ड्यूटी एकदम बदला. काउंटर शून्यावर येण्याची वाट पाहणे एका रंगासाठीही गरजेचे आहे. काउंटर १००० वर असताना ड्यूटी १०० वरून २००० केली तर बंद झालेला एलईडी त्याच आवर्तनात पुन्हा पेटतो.

दुसऱ्या चुकीत एखादा बाइट हरवतो आणि पुढचे सगळे एका घराने सरकतात. प्रत्येक तिकडीच्या आधी २५५ हा खुणेचा बाइट पाठवा आणि रंगांची कमाल २५४ ठेवा. यूएआरटीची येणारी तार दोन फ्लिप-फ्लॉपमधून आत घ्यायला विसरू नका.

प्रश्न : बाहेरचा कॉमन ॲनोड (तिन्ही रंगांचे धन टोक एकच असलेला) एलईडी ५ व्होल्टवर जोडून त्याचे कॅथोड (ऋण टोके) रेझिस्टरमधून थेट एफपीजीएच्या पिनांना दिले तर चालेल का?

उत्तर : नाही, आणि हे करूनही पाहू नका. आर्टिक्स-७ च्या (बोर्डावरच्या एफपीजीए चिपच्या) पिना ५ व्होल्ट सोसणाऱ्या नाहीत. पिन ३.३ व्होल्टवर ‘बंद’ असली तरी एलईडी आणि रेझिस्टर मिळून १.७ व्होल्ट उरतात. लाल एलईडी तेवढ्यावर मंद पेटू शकतो. पिन हाय-झेड (ना ०, ना १, जणू सुटलेली) झाली तर ५ व्होल्टची बाजू तिला वर ओढते.

प्रत्येक रंगाला एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर लावा. एमिटर ग्राउंडला, कलेक्टर रेझिस्टरमधून त्या रंगाच्या कॅथोडला, पिन २.२ किलोओहममधून बेसला. बेस आणि एमिटर यांच्यामध्ये १० किलोओहम लावले तर ट्रान्झिस्टर लवकर बंद होतो. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, म्हणून ३३० ओहम; हिरव्या-निळ्यावर ३.२ व्होल्टच्या आसपास, म्हणून १८० ओहम. तिन्हींतून ९ ते १० मिलिअँपिअर वाहतात. बोर्ड आणि ५ व्होल्टचा पुरवठा यांचे ग्राउंड एक करा. ट्रान्झिस्टर आल्यामुळे पिन १ म्हणजे एलईडी चालू, तेव्हा व्हेरिलॉगमध्ये (सर्किट लिहायच्या भाषेतल्या कोडमध्ये) ड्यूटी उलटी करू नका.

तिन्ही रंग पूर्ण देऊनही शुभ्र पांढरा मिळणार नाही, कारण सारख्या प्रवाहाला तिन्ही चिपा सारख्या उजळत नाहीत. तक्त्यातून निघालेल्या १२ बिटांच्या संख्येला प्रत्येक रंगाच्या गुणकाने गुणा, २५६ म्हणजे पूर्ण, आणि खालचे आठ बिट सोडा. लाल २५६ वर ठेवून हिरवा व निळा थोडे थोडे उतरवत न्या. एलईडीकडे थेट न बघता त्याचा उजेड पांढऱ्या कागदावर पाडा आणि तो कागद बघत गुणक ठरवा.