डिमेन्शिया आणि भाषेच्या विकारांवर संशोधन करायला परदेशीच जावं लागतं का?

नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात मानसशास्त्रात बीए करताय, शेवटचं वर्ष आहे, मेंदू आणि भाषा या विषयाने वेड लावलंय, पण "मोठी एमआरआय यंत्रं आणि पैसा तिकडे, इथे राहून काय करणार" असं सगळे ऐकवतात. मी मूळची वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ. नंतर पीएचडी केली आणि आता ठाणे-नवी मुंबईतल्या मराठी रुग्णांच्या बोलण्यावर काम करते. परदेशी जरूर जा, पण आधी हे बघा: मराठी बोलणाऱ्या माणसाची भाषा आजारात नेमकी कुठे तुटते, हे शोधायचं तर ती माणसं नौपाड्यात, कळव्यात, ऐरोलीत राहतात.

एक प्रसंग सांगते, ओळखीचे तपशील बदलून. चित्र दाखवून वस्तूचं नाव विचारायची एक चाचणी असते. अडकित्त्याचं चित्र होतं. एक काका ते बघून कासावीस झाले. "हे... अहो, आमच्या आजोबांकडे होतं... सुपारी..." असं म्हणत त्यांनी मूठ दाबून कातरायची क्रिया करून दाखवली. मी नुसतं "अड..." म्हटलं आणि ते ओरडलेच, "अडकित्ता!" दुसऱ्या एका आजी होत्या. बोलणं सरळ, वाक्यं पुरी, कुठे अडखळणं नाही. त्या म्हणाल्या, "लोखंडाचं काहीतरी दिसतंय." मी शब्द सांगितला, तर मलाच विचारतात, "अडकित्ता म्हणजे काय गं?" सूनबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. आजी वर्षानुवर्षं रोज जेवणानंतर सुपारी कातरायच्या.

वरवर दोघांनाही "नाव आठवत नाही". पण काकांचा अर्थ शाबूत आहे, शब्दापर्यंतची वाट बुजलीय. लांब वाक्य ऐकून जसंच्या तसं म्हणायला सांगितलं की त्यांचं अर्धं गळायचं. अशा रुग्णांत मुळाशी बहुधा अल्झायमर असतो. आजींच्या बाबतीत अर्थच झिजतोय. तिथे डाव्या कानशिलामागच्या भागाचं पुढचं टोक आकसलेलं सापडतं आणि कारण बहुधा टीडीपी-४३ नावाच्या प्रथिनाचा साठा असतो. स्कॅन आकसलेली जागा दाखवतो. काय तुटलंय ते मात्र रुग्णासमोर बसूनच कळतं, आणि माझ्या मते या क्षेत्रात तेच कौशल्य सगळ्यात दुर्मीळ आहे.

थोडा इतिहास माहीत असू द्या. फ्रान्समधले डॉक्टर ब्रोका (१८६१) आणि जर्मनीतले वेर्निके (१८७४) यांच्यापासून मेंदू आणि भाषेचा अभ्यास मुख्यतः पक्षाघातासारख्या एका जागच्या इजेवर उभा राहिला. भाषा हळूहळू झिजत जाते, असे रुग्ण प्रागमध्ये आर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये नोंदवले. मग १९८२ मध्ये अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ मार्सेल मेसुलम यांनी सहा रुग्ण मांडले: बाकी व्यवहार ठीक, फक्त भाषा ओसरत चाललेली. या आजाराला आता 'प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया' म्हणतात; वरचे काका आणि आजी त्याचेच रुग्ण. त्याचे तीन प्रकार कसे ओळखायचे यावर तज्ज्ञांचं एकमत व्हायला २०११ साल उजाडलं. म्हणजे विषय अजून तरुण आहे, आणि त्याचा बराच पाया इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णांवर रचलेला आहे.

इथेच तुमच्यासाठी काम आहे. त्या आजींसारखे इंग्रजी रुग्ण 'पाइंट' (pint) हा शब्द 'मिंट'च्या (mint) चालीवर 'पिंट' असा वाचतात, आणि निदानाच्या निकषांत या खुणेला स्थान आहे. देवनागरीत बहुतेक शब्द लिहितो तसेच वाचतो, मग ती खूण मराठीत कशी सापडणार? एक फट आहे. 'चहा'तला च वेगळा आणि 'चमचा'तला वेगळा, 'चार'मधला वेगळा आणि 'चारा'तला वेगळा, पण लिहायला अक्षर एकच. शब्दाचा अर्थ विसरलेला माणूस हे च कसे वाचेल? एवढ्या प्रश्नावर पीएचडी होऊ शकते. तसंच "काकूंनी भात खाल्ला", पण "काकूंनी पोळी खाल्ली". क्रियापद कर्माचं लिंग बघून बदलतं. इंग्रजीत हे मुळातच नाही, त्यामुळे तिकडची व्याकरणाची चाचणी नुसती भाषांतरित केली तर ही जागा तपासलीच जात नाही.

आणि मराठी म्हणजे फक्त पुस्तकी मराठी नव्हे. घणसोली-ऐरोलीकडच्या आगरी आजी डोळ्याला 'डोला' म्हणतात आणि पाण्याला 'पानी'. ती त्यांची बोली आहे. तपासणारा पुण्या-डोंबिवलीच्या कानाने ऐकणारा असेल तर तो त्याला 'उच्चारदोष' लिहून मोकळा होतो. असे कागद मी पाहिलेत आणि मला त्याचा संताप येतो, कारण त्यावरून माणसाच्या डोक्यावर आजाराचा शिक्का बसतो.

इथे राहून मोठं काम होत नाही म्हणणाऱ्यांना मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. सुवर्णा अल्लाडी यांचं नाव सांगा. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये त्यांच्या गटाने डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २०१३ मध्ये दाखवलं की दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला. कधी शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता. टोरंटोतल्या आधीच्या अशाच अभ्यासावर आक्षेप होता की तिथले बरेच द्विभाषिक लोक स्थलांतरित होते. हैदराबादेत तो मुद्दा उरला नाही, कारण तिथे दोन-तीन भाषा ही घरचीच गोष्ट. पुढे माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या काही अभ्यासांत हा फायदा दिसला नाही, वाद चालू आहे. पण प्रश्न भारतातून पुढे सरकला, हे खरं.

गरजही मोठी आहे. २०२३ मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) बौद्धिक चाचण्यांची पेटी आधी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भारतीय भाषांत तयार झाली. मराठीत करण्यासारखं पुष्कळ आहे.

आता वाटा. वाचा-भाषा उपचारांची पदवी बारावी विज्ञाननंतर असते (वांद्र्याची अली यावर जंग संस्था, मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय), ती वाट तुमच्यासाठी मागे पडली. तुम्ही मानसशास्त्रात एमए करा किंवा आकलनविज्ञानात (कॉग्निटिव्ह सायन्स) एमएससी. आयआयटी गांधीनगर आणि अलाहाबाद विद्यापीठात तो विषय आहे. पुढे पीएचडीसाठी बंगळुरूची निम्हान्स ही मेंदू आणि मनोविकारांची संस्था किंवा मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र बघा. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळवाच. २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि नंतर ४२ हजार मिळतात, वर घरभाडं. घरच्यांशी बोलताना हा आकडा उपयोगी पडेल. संख्याशास्त्र टाळू नका, आणि थोडं प्रोग्रामिंग शिका.

कठीण भाग लपवत नाही. तुमचे रुग्ण बरे होणार नाहीत. पुढच्या तपासणीला येतील तेव्हा शब्द आणखी कमी झालेले असतील, काही येणारच नाहीत. घरचे विचारतील, "मॅडम, औषध काय?" भाषेची ही झीज थांबवणारं औषध आज हातात नाही, हे त्यांना नीट, वेळ देऊन सांगावं लागतं. त्याचबरोबर रोजच्या लागणाऱ्या शब्दांचा सराव आणि फोटो लावलेली संवादवही यांचा उपयोग होतो, हेही सांगावं लागतं. ज्याला एवढं बसणं जमत नाही त्याने उंदरांवर किंवा पेशींवर काम करावं. तेही तितकंच मोलाचं आहे.

या वर्षीच काही सुरू करायचं असेल तर बीएच्या प्रकल्पासाठी निरोगी ज्येष्ठ घ्या. आजारी माणसाचं बोलणं किती बिघडलं हे ठरवायला त्याच वयाची, तेवढंच शिकलेली, तीच बोली बोलणारी निरोगी माणसं कशी बोलतात ते आधी माहीत हवं, आणि मराठीत अशा नोंदी फार लागणार आहेत. मार्गदर्शकांना सोबत घ्या, कॉलेजच्या नीतिसमितीची परवानगी काढा, प्रत्येकाची लेखी संमती घ्या. मग एकच प्रश्न विचारा: "पुरणपोळी कशी करतात, सांगाल?" किंवा "तुमच्या लहानपणीचं ठाणं कसं होतं?" रेकॉर्ड करा आणि शब्दन् शब्द उतरवा. 'अं', 'ते हे', मध्येच सोडलेलं वाक्य, थांबलेले क्षण, काहीही दुरुस्त न करता. उतरवताना कुठे अडलात तर इथेच विचारा, मी बघून सांगेन.