फांदीला हात लावण्याआधीचे मत

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

दापोलीचे वनशास्त्राचे शिक्षण पुरे करून तू पुण्यात झाडांच्या छाटणीच्या कामात उतरलीस, हे वाचून फार समाधान वाटले. एकाच झाडाविषयी सोसायटीचे चेअरमन, ठेकेदार, मुकादम आणि झाडावर चढणारा माणूस असे चौघे चार मते देत असतील, तर कोणाचे खरे मानायचे, असे तू विचारले आहेस. आपल्या व्यवसायातला अवघड भाग हाच आहे. करवत धरायला कोणीही शिकवील, परंतु कोणती फांदी ठेवायची याचे मत स्वतः तयार करावे लागते आणि पुढे त्याची जबाबदारीही घ्यावी लागते.

कोणाचेही मत ऐकताना ते कोठून आले आहे, हे आधी पाहत जा. निघालेले लाकूड ठेकेदाराने न्यायचे, अशा बोलीवर पुष्कळ कामे ठरतात. अशा कामात जाड फांद्याच धोकादायक ठरू लागतात आणि खरोखर वाळलेल्या, पण वजनाला हलक्या फांद्या झाडावरच राहून जातात. चेअरमनांचे मत बहुधा भीतीतून आलेले असते. शेजारच्या आवारात झाड पडलेले असते, खाली गाड्या उभ्या असतात, गच्चीवरची पन्हाळी पाल्याने तुंबलेली असते. त्यांना वाद घालून गप्प करू नकोस. नक्की कोणती फांदी आणि कशासाठी, हे शांतपणे विचार. 'सगळे झाडच उतरवा' म्हणून सुरू झालेले बोलणे पुष्कळदा दोन फांद्यांवर येऊन थांबते. तुझे पाहणीचे पैसे मात्र कापणीच्या पैशांपासून वेगळे ठेव. झाड तोडा म्हटले काय किंवा काही करू नका म्हटले काय, तुझी फी तीच राहिली पाहिजे. हे सुरुवातीला जड जाईल, काही कामे हातची जातील, तरी हा नियम सोडू नकोस.

झाडावर चढणाऱ्या माणसाचे मत मात्र तू आवर्जून ऐकावेस, असे मला कळकळीने सांगायचे आहे, कारण आपल्याकडे त्याला कोणी विचारतच नाही. तो हजेरीवर येतो, मुकादम बोट दाखवील ती फांदी तोडतो आणि निघून जातो. पण फांदीवर भार टाकताच ती कशी लवते, कोयत्याची मूठ आपटल्यावर आवाज भरीव येतो की बद्द, बेचक्यात पाणी साचून साल कुठे मऊ पडली आहे, हे त्याच्याइतके जमिनीवरून कोणालाच कळत नाही. तो खाली उतरला की त्याला चहा दे, शेजारी बस आणि वर काय दिसले ते विचार. त्याच वेळी हेही ध्यानात ठेव की निरीक्षण अचूक असलेल्या माणसाचे निष्कर्ष चुकीचे असू शकतात. शेंडा मारला की झाड जोमाने वाढते, हे तो मनापासून सांगेल, कारण शेंडा मारलेल्या झाडाला भराभर फुटलेले धुमारे त्याने पाहिलेले असतात. ते धुमारे म्हणजे अन्न तयार करणारा पाला एकदम गेल्यामुळे झाडाने साठवणीतून केलेला खर्च असतो, आणि सालीच्या लगत वरवर फुटल्यामुळे पुढे जाड झाल्यावर तेच वाऱ्यात निखळतात, हे त्याला कोणी समजावून सांगितलेले नसते.

मते पारखायची असतील तर जुन्या छाटणीकडे परत जाऊन पाहावे, असे मी सर्वांनाच सांगत आलो आहे. काही वर्षांपूर्वी छाटलेल्या एखाद्या पर्जन्यवृक्षाखाली उभी राहा आणि हात पोहोचेल असा एखादा जुना काप शोध. फांदी योग्य जागी कापली असेल, तर कापाभोवती सालीचा गोल, गुळगुळीत, चहूबाजूंनी सारखा काठ चढलेला दिसेल. खोडाला अगदी घासून कापली असेल, तर काठ फक्त दोन बाजूंना असेल आणि वर-खाली लाकूड उघडे असेल. तिथे अंगठा दाबलास तर बहुधा तो आत रुतेल. खुंट ठेवून कापली असेल, तर तो वाळून त्याची भुकटी होत असेल आणि कुजण्याची वाट थेट गाभ्याकडे गेलेली असेल. अमेरिकेच्या वनसेवेतील ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडे उभी चिरून हेच दाखवले. झाडाची इजा झालेली ऊती पुन्हा पूर्ववत होत नाही. झाड त्या भागाला आतून भिंती घालून वेगळे पाडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. 1977 मध्ये त्यांनी या प्रक्रियेचा आराखडा मांडला आणि छाटणीचे सारे जुने शास्त्र बदलले. फांदीच्या बुडाशी जो किंचित फुगवटा असतो, त्यातच या भिंतींची तयारी असते, म्हणून काप त्याच्या बाहेर घ्यायचा आणि फुगवट्याला धक्का लावायचा नाही.

जाड फांदी एका कापात कधीही उतरवू नकोस. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून पाव जाडीपर्यंत काप घ्यावा, मग त्याच्या थोडे बाहेर वरून कापावे, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलत नेत नाही; उरलेला खुंट हाताने किंवा दोराने सावरून तिसऱ्या कापाने फुगवट्याबाहेर उतरवावा. वर डांबर फासायची गरज नाही. आंब्या-डाळिंबाच्या बागेत ठरावीक रोगांसाठी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावतात ती वेगळी गोष्ट आहे, परंतु रस्त्यावरच्या झाडाच्या कापावर डांबराचा थर दिला तर आत ओलावा कोंडतो आणि कुजणे झाकले जाते, एवढेच घडते.

पावसाळा तोंडावर आला की सगळ्यांचे लक्ष फांद्यांकडे जाते. तू आधी मुळांकडे पाहा. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ पसरणारी, त्यामुळे एका बाजूने गटार किंवा केबलसाठी चर खणला गेला की ते झाड वरून कितीही छाटले तरी उभे राहीलच असे नाही. बुंध्याशी अळंबीचे कडक, फळीसारखे थर आले आहेत का, माती एका बाजूने उचलली गेली आहे का, बुंध्याभोवती काँक्रीट अगदी सालीपर्यंत भरले आहे का, हे गुडघे टेकून पाहिल्याशिवाय अहवालावर सही करू नकोस. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तेवढी जागा आपल्या शहरांतल्या झाडांनाही मिळावी म्हणून तू प्रत्येक अहवालात ती मागत राहा.

ढोलीविषयी आपल्याकडे उगाच भीती आहे. बांबू पोकळ असूनही ताठ उभा राहतो, तसेच पोकळ खोडही बाहेरचा लाकडाचा पट्टा पुरेसा जाड आणि अखंड असेल तर वर्षानुवर्षे उभे राहते. ढोलीत विटा आणि सिमेंट भरणे हा उपाय तर कोणी सुचवला तरी होऊ देऊ नकोस. सिमेंट झाडाबरोबर हलत नाही, आतून घासते आणि पाणी धरून ठेवते. हावड्याच्या वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वडाचा मूळ बुंधा बुरशीने कुजल्यामुळे 1925 मध्ये काढून टाकावा लागला, आणि तो वृक्ष आजही आपल्या पारंब्यांवर पसरतो आहे. आपल्या रस्त्यांवर मात्र गाड्यांना लागतात म्हणून वडाच्या पारंब्या सरसकट छाटल्या जातात आणि नंतर त्याच आडव्या फांद्या आधाराविना लोंबकळतात, म्हणून धोकादायक ठरवून तोडल्या जातात. हे पाहून मला आजही वाईट वाटते. एखादी पारंबी पोकळ बांबूत घालून पदपथाच्या कडेला जमिनीपर्यंत नेता येते. त्यासाठी पालिकेच्या अभियंत्याला चार वेळा भेटावे लागले तरी भेट.

उन्हाळ्याच्या सुरुवातीस तांबट पक्षी वाळलेल्या फांदीला भोक पाडून घरटे करतो, पावसाळ्यात बगळे आणि रातबगळे मोठ्या झाडांवर वस्ती करतात. खाली रहदारी नसेल तर वाळकी फांदीही ठेवावी. पक्ष्यांची अंडी आणि घरटी नष्ट करणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली येते, हे ग्राहकाला आधीच सांगून तारीख पुढे ढकल. परवानगीबाबतही तसेच. महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरातले झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची लेखी परवानगी लागते आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे स्थान मिळाले आहे. परवानगीचा कागद हाती आल्याशिवाय माणूस झाडावर चढवू नकोस.

सर्वांत शेवटी सुरक्षेचे लिहितो. तुझ्या हाताखाली जे काम करतील, त्यांचा जीव तुझ्या शब्दावर अवलंबून असेल. करवत चालू असताना अंगाला दोन स्वतंत्र आधार बांधलेले हवेत आणि यंत्र दोन्ही हातांत हवे. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की ते उसळून तोंडाकडे येते. तारांजवळचे काम महावितरणकडून पुरवठा बंद झाल्याचे स्वतः विचारून, खात्री करून मगच सुरू कर, कारण ओल्या फांदीतून वीज उतरते. चढण्याआधी दुर्बिणीने शेंड्यापर्यंत पाहा. आग्यामोहोळ दिसले तर त्या दिवशी काम नाही आणि हजेरी मात्र पूर्ण. दोर, हार्नेस आणि हेल्मेट ठेकेदाराच्या भरवशावर ठेवू नकोस, पहिल्या कमाईतून स्वतःचे घे, आणि चढणाऱ्या प्रत्येकाचा अपघात विमा कामाच्या अंदाजपत्रकात वेगळी ओळ म्हणून लिही. ती ओळ खोडायला सांगणाऱ्याचे काम घेऊ नये.

तू ज्या झाडाविषयी लिहिलेस त्याची बुंध्याजवळची छायाचित्रे पाठव, चारही दिशांनी.

कळावे, लोभ असावा.

तुझा हितचिंतक