पहिली बर्बन घेताना

पहिल्यांदाच बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की, घेतोयस तर महागड्या बाटलीच्या नादी लागू नकोस. बर्बन केंटकी राज्यातलीच असते हा गैरसमज आधी काढून टाक. अमेरिकेत कुठेही बनते, फक्त धान्यात निदान ५१ टक्के मका हवा आणि पिंप ओकचं, कोरं, आतून जाळलेलं. व्हॅनिला-कॅरॅमलचा गोडवा बराचसा त्या जळक्या लाकडातूनच येतो. राय, म्हणजे राय नावाच्या धान्याची व्हिस्की, जरा तिखट, मसालेदार; ती नंतर. टेनेसी राज्यातले व्हिस्कीवाले ती पिंपात भरण्याआधी मेपलच्या कोळशातून गाळतात, म्हणून ती मऊ लागते. लेबलवर ‘बॉटल्ड इन बाँड’ दिसलं तर बिनधास्त घे: १८९७ च्या कायद्यानुसार एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, किमान ४ वर्षं मुरलेली, बरोबर ५० टक्के अल्कोहोलची. एवढी कडक झेपत नसेल तर चमचाभर पाणी घाल. कोला मात्र माझ्यासमोर नको!